जर्मनीनं मला अर्ज करायला शिकवलं

(महाविद्यालयीन तरुण-तरुणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

मित्रांनो आणि मैत्रिणींनो, मला विषय दिला आहे ‘परदेशी विद्यापीठातला माझा अनुभव’. मघाशी चहाच्या वेळी तुमच्यापैकी काही जणांशी बोललो. फिरून फिरून तीनच प्रश्न आले. पैसे किती लागतात? आपल्या नावाचा त्रास होतो का? आणि तिकडे नमाज-रोज्याचं कसं जमतं? तिन्हींची उत्तरं देतो. पण एक गोष्ट कुणी विचारली नाही आणि मला तीच सगळ्यांत मोठी वाटते. आपला हक्क लेखी कसा मागायचा, हे मी तिथल्या विद्यापीठात शिकलो. आज बोलायचं आहे ते मुख्यतः त्याबद्दल.

आधी थोडी ओळख. मी इचलकरंजीचा. अब्बा यंत्रमागावर जॉबर होते. घरात दखनी, शाळा मराठी माध्यमाची. इंजिनिअरिंग सांगलीला केलं, मग तीन वर्षं पुण्यात एका आयटी कंपनीत नोकरी. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये मी जर्मनीच्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यातल्या एका तांत्रिक विद्यापीठात संगणकशास्त्राच्या मास्टर्सला दाखल झालो. २०१८मध्ये पदवी मिळाली, तीन वर्षं तिथंच नोकरी केली आणि आता पुण्यात आहे.

पैशांचं गणित

जर्मनीच का, तर फीमुळे. अमेरिकेचं गणित आमच्या घरात मांडण्यासारखंच नव्हतं. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांनी सर्वसाधारण शिक्षणशुल्क २०१४ पर्यंत एकेका राज्यात रद्द केलं. मी गेलो त्या राज्यात ते २०११मध्येच बंद झालं होतं. दर सहा महिन्यांना अडीचशे युरोंच्या आसपास वर्गणी भरायची आणि त्यातच राज्यभर रेल्वे-बसनं फिरायचा पास मिळायचा. पास दाखवून ट्रेनमध्ये बसलो, की इचलकरंजी-सांगली एसटीचा पास आठवायचा.

पण फी नाही म्हणजे खर्च नाही, असं समजू नका. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम एका बंद खात्यात आधीच भरून दाखवावी लागते. त्याला तिकडे ‘श्पेरकोंटो’ म्हणतात. पैसे तुमचेच असतात, पण दर महिन्याला ठरलेला हप्ताच काढता येतो. माझ्या वेळी ही रक्कम आठ हजार युरोंच्या आसपास होती, म्हणजे जवळपास सहा लाख रुपये. सप्टेंबर २०२४पासून ती ११,९०४ युरो आहे, महिना ९९२ युरो. आजच्या दरानं बारा लाखांच्या घरात जाते.

आमच्याकडे हे सहा लाख कसे जमले? तीन वर्षांच्या नोकरीतली माझी बचत. अम्मीची भिशी. अब्बांच्या प्रॉव्हिडंट फंडातून काढलेली रक्कम. उरलेले खाला आणि मामूंनी दिले, व्याज न घेता, दोन वर्षांत फेडायच्या बोलीवर. बँकेचं कर्ज घ्यावं की नाही, यावर घरात दोन शुक्रवार चर्चा झाली. मी त्यावर इथं फतवा देणार नाही. एवढंच सांगतो की व्याज नको असेल, तर ‘नको’ म्हणून विषय संपत नाही, पर्याय उभा करावा लागतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरच्या व्याजाला अनुदान देणारी ‘पढो परदेश’ ही केंद्र सरकारची योजना होती, ती २०२२मध्ये बंद झाली. मग मोहल्ल्यामोहल्ल्यात विद्यार्थ्यांसाठी बिनव्याजी निधी का असू नये? लग्नाच्या एका वलीम्यावर आपण किती उडवतो, याचा हिशोब तुम्हीच करा.

आणि हे काही नवं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. १९२०मध्ये लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायला निघाले, तेव्हा स्वतःची बचत होती, नवल भाथेना या पारशी मित्राचं कर्ज होतं आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती. त्याच शाहू महाराजांनी १९०६मध्ये कोल्हापुरात मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग उघडलं. जर्मनीचंच उदाहरण हवं असेल, तर डॉ. झाकिर हुसेन बर्लिनहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट करून १९२६मध्ये जामिया मिल्लियात परतले, पुढे देशाचे राष्ट्रपती झाले. एकट्याच्या खिशावर शिकायला जाणारे थोडे. बाकीच्यांच्या मागं कुणाची तरी पै-पै असते.

वर्गात कुणी हजेरी घेत नाही

पहिल्या सेमिस्टरची गोष्ट सांगतो. वर्गात हजेरी नाही. प्रॅक्टिकलची जर्नल नाही. ‘सबमिशन’ नावाची जी धावपळ आपण चार वर्षं करतो, ती नाही. बहुतेक विषयांत सेमिस्टरच्या शेवटी एकच परीक्षा, तिच्यावर सगळं. वेळापत्रकात दहा लिहिलेलं असेल आणि पुढं ‘सी. टी.’ असेल, तर तास सव्वादहाला सुरू होतो. तास संपला की विद्यार्थी बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. आपल्याकडे असा आवाज झाला की सर चिडतात, तिथं ती दाद असते.

गुणांची पद्धत उलटी. १.० सर्वांत उत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. पहिल्या निकालानंतर मी घरी फोन केला, ‘‘अब्बा, एक पॉइंट सात मिळाले.’’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, ‘‘दहापैकी?’’

पण गंमत इथं संपते. परीक्षेला बसायचं तर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन नोंदणी स्वतः करायची. ती राहिली तर कुणी क्लार्क ‘लेट फी भरून टाक’ म्हणत नाही. एका विषयात साधारण तीन संधी मिळतात. तिसऱ्यांदा नापास झालात, तर तो अभ्यासक्रम तुमच्यासाठी संपला. तोच अभ्यासक्रम मग जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. हे सगळं कुठं लिहिलेलं असतं? ‘परीक्षा नियमावली’ नावाच्या एका पुस्तिकेत. प्रत्येक अभ्यासक्रमाची वेगळी. माझ्या विभागात पहिल्याच आठवड्यात जुन्या विद्यार्थ्यांनी आम्हाला सांगितलं, ‘‘बाकी काही वाचू नका, हे वाचा.’’

मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पण माझ्या विद्यापीठाचे परीक्षेचे नियम काय आहेत, हे कधी वाचलं नव्हतं. आपल्यापैकी कुणी वाचले आहेत? हात वर करा. (कुणीच हात वर केला नाही.) बरोबर. आपल्याला नियम माहीत नसतात, माणसं माहीत असतात. ‘ऑफिसात अमुक आहे, त्याला भेट, करून देईल.’ ज्याच्या ओळखीचं कुणी तिथं बसलेलं नाही, त्याचं काय होतं, हे आपल्या समाजातल्या मुलांना सांगायला नको.

आपला पेपर पाहायचा हक्क

आता मुख्य गोष्ट. तिथं निकालानंतर एक दिवस ठरतो, त्याला ‘क्लाउझुर-आइनझिश्ट’ म्हणतात. म्हणजे तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्यानं प्रत्यक्ष पाहायची.

दुसऱ्या सेमिस्टरला मला एका विषयात ३.० आले. मला वाटलं, आले तेवढे आले. माझ्याबरोबर कराडची एक मुलगी शिकत होती, ती म्हणाली, ‘‘वीस मिनिटांचं तर काम आहे, जाऊन बघ की.’’ गेलो. एका वर्गात चाळीसेक जण बसलेले, प्रत्येकापुढे स्वतःचा पेपर, सोबत आदर्श उत्तरं आणि गुणांची विभागणी. पेन चालत नाही, कारण पेपरवर खाडाखोड करता येऊ नये. काही शंका असेल, तर वेगळ्या कागदावर लिहून द्यायची.

माझ्या पेपरात एका पानाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं उत्तर तपासायचं राहून गेलं होतं. मी ते दाखवलं. सहायक प्राध्यापकानं चष्मा वर सरकवला, उत्तर वाचलं, सात गुण लिहिले आणि सही केली. ग्रेड ३.०चा २.३ झाला. दुसऱ्या एका प्रश्नालाही मी गुण मागितले. त्यानं मला पाचेक मिनिटं समजावलं की माझ्या उत्तरात कुठली पायरी चुकली आहे आणि गुण का मिळणार नाहीत. ते मला पटलं.

मला गुणांपेक्षा जास्त लक्षात राहिला तो त्याचा चेहरा. तो चिडला नाही. ‘तू मला शिकवतोस का’ असा भाव नाही. आणि मेहेरबानी केल्याचाही भाव नाही. नियमात लिहिलं होतं म्हणून मी आलो होतो, नियमात लिहिलं होतं म्हणून त्यानं पाहिलं. मी ‘सर, प्लीज’ हे दोन शब्द तयार ठेवून गेलो होतो, ते वापरावेच लागले नाहीत.

त्या रात्री मी खोलीवर येऊन शोधलं, आपल्याकडे असं काही आहे का? आणि सापडलं. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय’ या खटल्यात निकाल दिला आहे की परीक्षार्थीला माहिती अधिकार कायद्याखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. मी पदवीला असतानाच हा निकाल लागला होता. माझ्या वर्गात साठ जण होते, दर सेमिस्टरला गुणांवरून रडारड व्हायची, आणि एकालाही हे माहीत नव्हतं. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. हक्क होता, अर्ज कुणी केला नव्हता.

मागच्या वर्षी माझ्या चुलत बहिणीला एका विषयात अनपेक्षितपणे नापास दाखवलं. घरात सगळे म्हणाले, कुणाची तरी ओळख काढू. मी तिला म्हटलं, आधी अर्ज लिही. तिनं स्वतः लिहिला, मराठीत, स्वतःच्या अक्षरात. उत्तरपत्रिकेची प्रत आली. पेपर नीट तपासलेला होता, ती खरंच नापास होती. पण कुठल्या प्रश्नात कच्ची आहे, ते तिला दिसलं. पुढच्या खेपेला सुटली. अर्ज केला म्हणजे दर वेळी गुण वाढतात असं नाही. संशय मात्र फिटतो, आणि ‘आपल्याला मुद्दाम पाडलं’ असं आयुष्यभर म्हणत बसायची वेळ येत नाही.

नावाचा प्रश्न

आता दुसरा प्रश्न. नावाचा त्रास होतो का? होतो. पण तो समजून घ्या.

पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा एक फ्लॅट माझं नाव ऐकून हातचा गेला होता. फोनवर सगळं ठरलं होतं, नाव सांगितलं आणि ‘फॅमिलीलाच द्यायचाय’ झालं. जर्मनीत खोली शोधताना मी तीसेक ईमेल पाठवले, चारांचं उत्तर आलं. कारण नाव होतं, देश होता की जर्मन न येणं होतं, कळायला मार्ग नाही. फरक एवढाच की तिथं २००६चा समान वागणुकीचा कायदा आहे आणि घर भाड्यानं देताना वंश किंवा धर्म पाहून नाकारणं त्यात बसत नाही. कायदा आहे म्हणून भेदभाव थांबला, असं नाही. पण दाद मागायला एक दार आहे. शेवटी मला विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली. तिथं प्रतीक्षायादी असते, यादीत क्रमांक असतो, क्रमांकाला नाव विचारत नाहीत.

मी गेलो तो काळही साधा नव्हता. २०१५ या एका वर्षात जर्मनीत आठ लाखांहून अधिक निर्वासित आले, त्यात सीरियातले सर्वांत जास्त. शहरातल्या एका व्यायामशाळेत खाटा मांडून त्यांना ठेवलं होतं. विद्यापीठातले बरेच विद्यार्थी शनिवारी तिथं मदतीला जायचे, मीही जायचो. लहानपणी मदरशात नाझरा कुराण झालेलं, त्यामुळे मला अरबी वाचता येत होतं, कळत नव्हतं. यादीतली नावं मी अचूक मोठ्यानं वाचायचो आणि लोक धावत येऊन भराभरा बोलायला लागले की हात जोडायचो. सगळे हसायचे.

तिथं अलेप्पोचा एक मुलगा भेटला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. घर पडलं, विद्यापीठ सुटलं, पण मार्कशीटचे फोटो त्यानं फोनमध्ये जपून आणले होते. तो ते फोटो मला असे दाखवत होता, जसे लोक घरच्यांचे फोटो दाखवतात. कागदाची किंमत मला त्या दिवशी कळली.

मग ३१ डिसेंबरची रात्र आली. कलोन शहरात रेल्वे स्टेशनाबाहेर नववर्षाच्या गर्दीत स्त्रियांवर लैंगिक हल्ले झाले. शेकडो स्त्रियांनी तक्रारी दिल्या. संशयितांत उत्तर आफ्रिकेतले आणि अरब देशांतले तरुण बरेच होते. जानेवारीत वर्ग सुरू झाले तेव्हा हवा बदललेली होती. रात्रीच्या ट्रेनमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली.

आमच्या प्रकल्पगटात एक जर्मन मुलगी होती. तिनं सरळ विचारलं, ‘‘तुला याबद्दल काय वाटतं?’’ माझ्या मनात आधी हेच आलं की हिनं मलाच का विचारावं? मी तर भारतातला, त्यांच्याशी माझा काय संबंध? पण तिच्या मैत्रिणी त्या रात्री त्या गर्दीत होत्या. मी म्हटलं, ‘‘ज्यांनी हे केलं त्यांना शिक्षा झाली पाहिजे, आणि त्या मुलींना न्याय मिळाला पाहिजे. यात माझ्याकडून ‘पण’ नाही.’’ ती थोडी थांबली. मग मी म्हटलं, ‘‘आता दुसरी गोष्ट. ट्रेनमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही.’’ तिनं ते ऐकून घेतलं. पुढच्या अडीच वर्षांत आमची चांगली मैत्री झाली.

मला वाटतं, क्रम महत्त्वाचा आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं दुःख आधी. आपल्यावरचा आळ नंतर. दोन्ही गोष्टी बोलायच्या, एक गिळून दुसरी नाही. आपण इथंही बऱ्याचदा थेट दुसऱ्या गोष्टीपासून सुरू करतो आणि मग समोरचा ऐकत नाही म्हणून रागावतो.

नमाज, रोजे आणि एक बंद झालेली खोली

तिसरा प्रश्न. २०१६चा रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला. तिथं जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे तीनच्या आसपास सहरी बंद. अठरा-एकोणीस तासांचा रोजा. आणि जुलैत परीक्षा. जमलं का? जमलं, पण मी एकटा नव्हतो. तुर्की मशिदीत इफ्तारला मोठ्या पातेल्यात मसुराचं सूप असायचं, अरबांच्या मशिदीत खजूर आणि दही. खुत्बा एकीकडे तुर्कीत, दुसरीकडे अरबीत. दोन्हीकडे मला अर्थ कळायचा नाही आणि दोन्हीकडे विचारायचे, ‘‘पाकिस्तान?’’ मी म्हणायचो, ‘‘हिंदुस्तान.’’ मग शाहरुख खान. घरी मी मुसलमान, पुण्यात मी इचलकरंजीचा, वर्गात मी भारतीय, मशिदीत मी शाहरुखच्या गावचा! पाच जुलैला ईद झाली, मंगळवार होता, सकाळी नमाज आणि दुपारी तास.

मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, प्रत्येक पदार्थापुढे डुकराचं मांस, गोमांस, अल्कोहोल वगैरेच्या खुणा असतात. खूण वाचायची आणि ताट घ्यायचं, कुणाला विचारत बसायला नको.

नमाजाच्या जागेचा प्रश्न मात्र त्याच वर्षी चांगलाच तापला. आमच्याच राज्यात डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठात एक ‘शांततेची खोली’ होती, सगळ्या धर्मांच्या आणि धर्म न मानणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही. काही मुस्लिम विद्यार्थ्यांनी तिच्यात आडोसा लावून स्त्री-पुरुषांचे भाग केले. तक्रारी आल्या आणि २०१६च्या सुरुवातीला विद्यापीठानं ती खोली बंद केली. त्याच वर्षी बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठानंही आपल्याकडच्या नमाजाच्या खोल्या बंद केल्या.

आम्ही मेन्सात यावर तावातावानं वाद घातला. कुणी म्हणालं, हा इस्लामद्वेष. कुणी म्हणालं, विद्यापीठ म्हणजे अभ्यासाची जागा, मशीद बाहेर आहे. कराडची ती मुलगी म्हणाली, ‘‘आडोसा लावताना मुलींना विचारलं होतं का कुणी?’’ यावर टेबलावरचे आम्ही सगळे मुलगे गप्प.

माझं मत सांगतो. जी जागा सर्वांची आहे, ती काहींनी आपल्या पद्धतीनं वाटून घेतली, की ती सगळ्यांच्याच हातून जाते. आणि हेही खरं की खोली बंद झाल्यावर सर्वांत जास्त नुकसान झालं ते गुपचूप येऊन, पाच मिनिटं बसून जाणाऱ्यांचं, ज्यांचा त्या आडोशाशी काही संबंध नव्हता. मी विभागात सहायक विद्यार्थी म्हणून काम करायचो, तिकडे त्याला ‘हिवी’ म्हणतात, ताशी दहा युरोंच्या आसपास मिळायचे. माझ्या खोलीतल्या सहकाऱ्याला विचारलं, ‘‘दुपारी पाच मिनिटं कोपऱ्यात नमाज पढलो तर चालेल?’’ तो म्हणाला, ‘‘चालेल. मी फोनवर बोललो तर चालेल?’’ तडजोड झाली. तो फोन घेऊन बाहेर जायचा.

परक्यालाही मत

अजून एक. सेमिस्टरची वर्गणी कुठं जाते, हे मी नियमावलीत वाचलं. तिचा एक हिस्सा विद्यार्थ्यांच्या निवडून आलेल्या संघटनेकडे जातो. तिथं दरवर्षी विद्यार्थ्यांच्या संसदेची निवडणूक होते. ज्याचं नाव विद्यापीठात दाखल आहे, त्याला मत आहे, पासपोर्ट कुठलाही असो. त्या देशात मी परका होतो, नगरसेवकही निवडू शकत नव्हतो, पण विद्यापीठात माझं मत जर्मन मुलाच्या मताइतकंच होतं. महाराष्ट्रात महाविद्यालयातल्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या, त्यामुळे मी इथं पदवीधर झालो तोवर वर्गाचा प्रतिनिधीसुद्धा कधी मत देऊन निवडला नव्हता. ते पहिलं मत मी दिलं आणि वसतिगृहापर्यंत चालत गेलो, खूप बरं वाटत होतं.

हे सगळं ऐकून जर्मनी म्हणजे जन्नत आहे, असं वाटून घेऊ नका. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो. रविवारी दुकानं बंद. महिनोन्‌महिने आपली भाषा कानावर पडत नाही. तिसऱ्या सेमिस्टरला माझी दादी गेली. परीक्षा तीन दिवसांवर होती, तिकीट परवडण्यासारखं नव्हतं. मिट्टीला पोचता आलं नाही. अब्बांनी फोन कब्रस्तानाच्या बाहेर धरला, मी इकडून दुआ केली. जायचं ठरवताना बारा लाखांच्या हिशोबात ही किंमतही धरा. ती कुठल्याही संकेतस्थळावर लिहिलेली नसते.

जायचं असेल तर

आता थोडं कामाचं बोलतो, लिहून घ्या.

जर्मनीत २०२३-२४मध्ये ४९ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. म्हणजे वाट मळलेली आहे, आणि वाटेवर दुकानंही लागली आहेत. एजंट तुम्हाला खासगी महाविद्यालयं दाखवतील, कारण तिथं त्यांना दलाली मिळते. सरकारी विद्यापीठांची पूर्ण यादी डाड या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहे. ती स्वतः वाचा.

नियम बदलतात. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात २०१७पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४पासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली. त्यामुळे ‘जर्मनीत फुकट आहे’ हे वाक्य कुणी सांगितलं, तर विचारा, कुठल्या विद्यापीठात?

नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना ‘एपीएस’ प्रमाणपत्र बंधनकारक आहे. त्यासाठी १८ हजार रुपये आणि हाताशी भरपूर वेळ ठेवा. पुष्कळ विद्यापीठांचे अर्ज ‘उनी-असिस्ट’मार्फत जातात, पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. म्हणून वीस ठिकाणी अर्ज टाकू नका, पाच ठिकाणी नीट टाका. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. अभ्यासक्रम इंग्रजीत असला, तरी घर, दवाखाना, नोकरी जर्मनमध्ये आहे. इथूनच दोन पातळ्या शिकून जा.

मुलींसाठी वेगळं सांगतो. घरचे ‘एकटी कशी राहशील’ म्हणतील. त्यांना वसतिगृहाचा पत्ता, महिन्याचा हिशोब आणि तिथं शिकून आलेल्या एखाद्या मुलीचा फोन नंबर द्या. भावनेवर भावनेनं वाद घालण्यापेक्षा कागद पुढं ठेवा. कराडच्या त्या मुलीनं असंच केलं होतं. तिच्या वडिलांनी हिशोब दोनदा तपासला आणि सही केली.

आणि ज्यांना जायचं नाही किंवा जाता येणार नाही, त्यांच्यासाठी शेवटचं. तुमच्यातले बहुतेक जण इथंच शिकणार आहेत, हे मला माहीत आहे. मी तिकडून जे शिकून आलो, त्यातलं निम्म्याहून जास्त शिकायला विमानाचं तिकीट लागत नाही. आज घरी गेलात की आपल्या विद्यापीठाचे परीक्षेचे नियम शोधा आणि वाचा. कंटाळवाणे आहेत, तरी वाचा. शिष्यवृत्तीचा अर्ज अडला असेल, तर ओळख शोधण्याआधी लेखी विचारा आणि पोच घ्या. निकालाबद्दल शंका असेल, तर उत्तरपत्रिका मागा. आणि शेजारच्या मुलाचा अर्ज अडला असेल, मग तो कुठल्याही धर्माचा, जातीचा असो, तर त्याच्याबरोबर ऑफिसात जाऊन उभे राहा.

आता प्रश्न विचारा. आणि बारा लाखांबद्दल पहिला प्रश्न येणार, हे मला माहीत आहे.